उतारूच्या खोलीतली हवा

परगावी गेलेला माणूस हॉटेलात खोली पाहायला जातो तेव्हा काय काय पाहतो? गादी दाबून पाहतो, चादर स्वच्छ आहे की नाही ते पाहतो, नळाला पाणी येते का हे विचारतो आणि शेवटी भाड्यावर घासाघीस करतो. हवेबद्दल मात्र तो सहसा एकच प्रश्न विचारतो, "एसी आहे ना?" आहे म्हटले की त्याचे समाधान होते. वाचकहो, उतारू म्हणून तुम्ही त्या खोलीत आठ-दहा तास काढता. तेवढ्या वेळात तुम्ही अन्न खाता एकदा, पाणी पिता चारदा, पण श्वास घेता हजारो वेळा. असे असून ज्या वस्तूचा आपण सर्वांत जास्त वापर करतो, तिचीच चौकशी आपण सर्वांत कमी करतो!

ही हवा सुखाची करण्यासाठी माणसाने गेल्या दोनशे वर्षांत काय काय खटाटोप केले, त्यासाठी कोणाचे श्रम आणि किती इंधन खर्ची पडले आणि त्या सुखाची किंमत कधी कधी कशी मोजावी लागली, त्याची ही हकीकत आहे. वरवर पाहता विषय यंत्रांचा वाटेल. पण तो खरोखर माणसांचा आहे.

आरंभ आपल्या मुंबईपासूनच करू. इंग्रज साहेब इथे आला तो थंड मुलुखातून. इथला वैशाख त्याला सोसेना. मग त्याने दोन उपाय केले. पहिला उपाय, हवा थंड करण्याऐवजी माणूसच थंड हवेत नेऊन ठेवणे. १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमच्या अमदानीत महाबळेश्वर थंड हवेचे ठिकाण म्हणून वसले, ते याच विचारातून. पण सगळ्यांनाच काही डोंगरावर जाता येत नाही. कचेऱ्या, गोदी, बाजार खालीच राहणार. म्हणून दुसरा उपाय, पंखा.

हा पंखा म्हणजे आजच्यासारखी गरगर फिरणारी पाती नव्हेत. छताला आडवी लाकडी चौकट टांगलेली, तिला कापडाची झालर आणि चौकटीला बांधलेली दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर गेलेली. बाहेर व्हरांड्यात एक माणूस बसून ती दोरी ओढी. आत साहेब जेवे, लिही, झोपे. बाहेर पंखेवाला तासन्‌तास दोरी ओढत राही. रात्री त्याला डुलकी लागली की पंखा थांबे आणि पंखा थांबला की साहेब जागा होई. मग पुढे काय होई, ते त्या काळच्या कोर्टांच्या दप्तरांत नमूद आहे. झोपलेल्या पंखेवाल्याला मारहाण झाल्याचे, प्रसंगी त्यात त्याचा जीव गेल्याचे खटले त्या काळी झाले आणि आरोपी पुष्कळदा किरकोळ दंडावर सुटले.

उतारूंच्या खोल्यांना वारा घालणारे पहिले 'इंजिन' हे असे हाडामांसाचे होते, हे आपण लक्षात ठेवावे. सुख भिंतीच्या आत आणि श्रम भिंतीच्या बाहेर, मध्ये एक दोरी. ती दोरी पुढे तांब्याच्या तारेची झाली; पण सुख आत आणि त्याचा भार बाहेर ही मांडणी काही फारशी बदलली नाही. ते कसे, हे पुढे येईलच.

उत्तरेत आणखी एक युक्ती होती, ती म्हणजे वाळ्याची ताटी. दारावर वाळ्याची ताटी लावायची, तिच्यावर पाणी शिंपडत राहायचे आणि बाहेरची लू त्यातून आत घ्यायची. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेते, म्हणून हवा गार होते. माठातले पाणी गार होते ते याच न्यायाने. नागपूर, विदर्भात हा न्याय उत्तम चालतो, कारण तिथली उन्हाळी हवा कोरडी. मुंबईत, कोकणात, गोव्यात मात्र ताटी फुकट! तिथली हवा आधीच ओलाव्याने भरलेली. तिच्यात आणखी पाणी मुरणार कुठे? म्हणून समुद्रकाठी घाम सुकत नाही आणि नुसत्या ताटीने जीव निवत नाही. समुद्रकाठच्या माणसाला हवा थंड करण्यापेक्षा हलती ठेवणे जास्त उपयोगी पडते. तिथल्या जुन्या घरांना उंच छत, समोरासमोर खिडक्या आणि खोल पडव्या होत्या त्या हौस म्हणून नव्हत्या.

आणि बर्फ? तोही आला, पण कुठून? अमेरिकेतून! बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी हिवाळ्यात तिकडच्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून, भुशात गुंडाळून जहाजाने विकायला पाठवी. १८३३ साली 'टस्कनी' नावाचे त्याचे जहाज १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर कलकत्त्याला पोहोचले, तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढे मुंबईतही हा बर्फ येऊ लागला आणि तो साठवायला गोदीजवळ खास बर्फघर बांधले गेले. या बर्फाची एक खूण आजही आपल्या बोलण्यात आहे. आपण दुकानात जाऊन "दीड टनाचा एसी द्या" म्हणतो. हा टन कशाचा? यंत्राच्या वजनाचा नव्हे! एक टन बर्फ, म्हणजे अमेरिकन मापाचे २,००० पौंड, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी शोषणारे यंत्र ते एक टनाचे. आजच्या मापात ती होते साडेतीन किलोवॉट. ट्यूडरचा बर्फ कधीच वितळून गेला. त्याचा टन मात्र आपल्या भिंतीवर टांगलेला आहे.

आता मुंबईच्या दोन हॉटेलांकडे वळू. काळा घोडा भागातले वॉटसन हॉटेल १८६७ ते १८६९ या काळात उभे राहिले. जॉन वॉटसन नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने ते बांधवले. त्याचा सांगाडा बिडाचा. सुटे भाग इंग्लंडात ओतून, जहाजाने आणून इथे जोडलेले. आराखडा करणारा रोलंड ऑर्डिश हा इंजिनिअर लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या कामातही होता. सांगाडाच भार घेई, त्यामुळे जाड भिंतींची गरज उरली नाही. खोल्यांना भोवती सज्जे मिळाले आणि समुद्रावरून येणारा वारा खोल्यांतून जाई. १८९६ साली अमेरिकन लेखक मार्क ट्वेन तिथे उतरला होता. मुंबईच्या मुक्कामात सज्जाच्या कठड्यावर बसून आपल्याविषयी चर्चा करणाऱ्या कावळ्यांचे त्याने मोठे गमतीदार वर्णन लिहून ठेवले आहे. म्हणजे पाहा, खिडकी उघडी ठेवायची तर वाऱ्याबरोबर कावळाही येणार, रस्त्याचा कलकलाटही येणार, डासही येणार! उघड्या खिडकीचे हे भाडे तेव्हाचा उतारू निमूटपणे भरत असे. त्याच वर्षी ७ जुलैला याच हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली, म्हणून ही वास्तू सिनेमाच्या इतिहासातही अमर आहे. पुढे तिचे नाव एस्प्लनेड मॅन्शन झाले, आत भाडेकरू आले, पोटमाळे झाले, सज्जे बंदिस्त झाले. २००५ साली सज्जाचा एक भाग कोसळला.

दुसरे हॉटेल म्हणजे अर्थातच अपोलो बंदरचे ताजमहाल. जमशेटजी टाटांना वॉटसनमध्ये प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधले, ही गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. गोष्ट म्हणून ती छान आहे, पण इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. ताजची आखणी रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी केली आणि काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरे केले. वास्तुकाराने हॉटेल उलटे बांधले गेले म्हणून जीव दिला, ही दंतकथाही खोटी आहे. गाड्या शहराच्या बाजूने येत, म्हणून दरवाजा शहराच्या बाजूला ठेवला होता, एवढीच ती गोष्ट.

१६ डिसेंबर १९०३ रोजी ताज उघडले तेव्हा तिथे विजेचे दिवे होते, विजेचे पंखे होते, लिफ्ट होती. आता गंमत अशी, की मुंबई शहराला वीज पुरवणाऱ्या बीईएसटी कंपनीचे वीजघर सुरू झाले १९०५ साली आणि टाटांच्या खोपोलीच्या वीजघराची वीज मुंबईत आली १९१५ साली. म्हणजे ताजला आपली वीज आपणच निर्माण करणे भाग होते. नंतरच्या काळात मोठ्या हॉटेलांच्या मागल्या अंगणात धडधडणारी जनित्रे आली, त्यांचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही. पंखा आणि जोडून न्हाणीघर असलेली खोली १३ रुपये, जेवणखाणासह २० रुपये, असे तेव्हाचे दर सांगतात. पंख्याचा भाड्यात वेगळा उल्लेख होतो, यावरूनच त्याचे अप्रूप कळते. दोरी ओढणारा माणूस व्हरांड्यातून गेला. त्याच्या जागी बटण आले. हे पाऊल माणुसकीच्या दृष्टीने मोठेच होते, यात शंका नाही.

आणि तरीही ते ताज वाऱ्यावरच उभे होते. उंच छत, रुंद मार्गिका, मधोमध घुमटापर्यंत मोकळा गेलेला जिना. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि खालून नवी हवा ओढून घेते, हे तत्त्व आपल्या चौसोपी वाड्यातही आहे आणि या राजवाड्यातही. पहिल्या महायुद्धात याच इमारतीत ६०० खाटांचे इस्पितळ चालवले गेले. खेळती हवा नसती तर ते झाले असते का, याचा विचार करून पाहा.

आता एक पाऊल मागे जाऊन एका जर्मन गृहस्थाची ओळख करून घेऊ. म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर. कोंदट खोलीत माणसाला जड का वाटते, या प्रश्नाचा त्यांनी छडा लावायचे ठरवले. १८५८ साली त्यांनी मत मांडले, की खोलीतल्या हवेत माणसांनी सोडलेल्या कार्बन डायॉक्साइड वायूचे प्रमाण हजारात एक भाग, म्हणजे दहा लाखांत १,००० भाग झाले, की ती हवा शिळी समजावी. त्यांचे म्हणणे नीट समजून घ्या हं. एवढ्याशा प्रमाणात हा वायू विष नव्हे. पण तो वाढला याचा अर्थ आपण एकमेकांचा सोडलेला श्वास पुन्हा घेत आहोत. म्हणजे हा वायू चोर नव्हे, चोराच्या पावलांचा ठसा! आजही जगभर खोलीची हवा मोजताना हाच हजाराचा आकडा खूण म्हणून वापरतात. बाहेरच्या स्वच्छ हवेत हे प्रमाण आज ४२० च्या वर आहे. मध्यम आकाराच्या खोलीत दोन माणसे दारेखिडक्या घट्ट लावून झोपली, तर दीड-दोन तासांतच हजाराचा आकडा ओलांडला जातो आणि रात्र तर आठ तासांची असते.

खिडक्या घट्ट लावायची पाळी का आली? तर वातानुकूलनामुळे. त्याचा जन्मही मजेदार आहे. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात अडचण उभी राहिली. दमट हवेत कागद फुगे, कोरड्या हवेत आकसे, त्यामुळे एकावर एक छापायचे रंग जुळत ना. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने हवेतला ओलावा ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखून दिली. म्हणजे पहिले वातानुकूलन माणसासाठी नव्हतेच. ते कागदासाठी होते! माणसाच्या वाट्याला ते नंतर आले आणि पहिल्या प्रथम आले ते नाट्यगृहांत, सिनेमागृहांत आणि मोठ्या हॉटेलांत. मुंबईत कुलाब्याचे रीगल सिनेमागृह १९३३ साली उघडले ते वातानुकूलित म्हणूनच गाजले. तिकीट काढून लोक सिनेमा पाहत आणि वर थंडाव्याचे दोन तास मिळवत.

आधीच्या शीतयंत्रांत अमोनिया, गंधकाचा वायू असली विषारी द्रव्ये असत. गळती झाली तर प्राणाशी गाठ. १९२८ ते १९३० च्या दरम्यान टॉमस मिजली या अमेरिकन रसायनज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फ्रिऑन वायू पुढे आणला. तो विषारी नाही, पेट घेत नाही. आता हे यंत्र बिनधोक झोपायच्या खोलीत ठेवता येऊ लागले. मग काय झाले? वास्तुशास्त्राची सगळी घडीच बदलली. उंच छत कशाला? सज्जे कशाला? समोरासमोर खिडक्या कशाला? छत खाली आणा, तेवढ्याच उंचीत जास्त मजले बसवा, काचा पक्क्या बंद करा आणि यंत्र लावा! ताजच्या जुन्या इमारतीशेजारी १९७० च्या दशकाच्या आरंभी जो उंच मनोरा उभा राहिला, तो याच नव्या पिढीचा. दोन इमारती शेजारी शेजारी उभ्या आहेत. समोर उभे राहून पाहिले तर हवेचा पाऊणशे वर्षांचा इतिहास एका नजरेत दिसतो.

पण बंद काचेमागे काय होऊ शकते, हे जगाला कळायचे होते. त्यासाठी आपल्याला अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाला गेले पाहिजे. तिथले बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेल १९०४ साली उघडले, म्हणजे आपल्या ताजच्या बरोबरीचे आणि थाटही तसाच. १९७६ च्या जुलैत, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या दोनशेव्या वर्षी, तिथे माजी सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' या संघटनेचे अधिवेशन भरले. चार दिवस भाषणे, मेजवान्या, गप्पा झाल्या आणि मंडळी आपापल्या गावी परतली. मग एकेकाला ताप भरू लागला, छाती भरून आली, न्यूमोनिया झाला. अधिवेशनाला आलेल्यांपैकी १८२ जणांना हा आजार झाला. त्यांतले २९ दगावले. ज्यांनी महायुद्ध पाहिले होते, अशी माणसे हॉटेलात चार दिवस राहून मेली!

सारा देश हादरला. अन्नात विष होते का? धातूची वाफ होती का? कोणी घातपात केला का? महिनोन्‌महिने तपास चालला. वर्तमानपत्रांनी हॉटेलाचे नाव घरोघर पोहोचवले, गिऱ्हाईक तुटले आणि नोव्हेंबरमध्ये ते हॉटेल बंद पडले. अखेर १९७७ च्या जानेवारीत जोसेफ मॅकडेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले, की हा आजार तोवर ओळख न पटलेल्या एका जिवाणूचा आहे. त्याचे नाव ठेवले लीजिओनेला. तो पसरला हवेतून. एक गोष्ट मोठी बोलकी होती. काही आजारी माणसे हॉटेलात पाऊलही न टाकलेली होती. ती नुसती समोरच्या पदपथावरून गेली होती!

हा जिवाणू येतो कुठून, ते समजायला यंत्राची रचना पाहावी लागेल. मोठ्या वातानुकूलन यंत्रणेत आतली उष्णता पाण्यात उतरवतात आणि ते तापलेले पाणी गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमध्ये, म्हणजे पाणी निववण्याच्या मनोऱ्यात, तुषार करून सोडतात. वाळ्याच्या ताटीचाच हा थोरला भाऊ! तिथे कोमट पाणी, साचलेली शेवाळ, गंज, ऊन, सगळे जिवाणूच्या सोयीचे. लीजिओनेला साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात मजेत वाढतो आणि तुषारांबरोबर हवेत उडतो. त्या हॉटेलात नेमका कोणत्या जागेतून तो आला हे निर्विवाद सिद्ध झाले नाही. पण संशय वातानुकूलन यंत्रणेकडे गेला, आणि नंतरच्या अनेक साथींत कूलिंग टॉवर, न्हाणीतले फवारे, कारंजी यांचा दोष उघड झाला. साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून असेही कळले, की १९६८ साली मिशिगन राज्यातल्या पाँटिअॅक गावी आरोग्य खात्याच्याच इमारतीत आलेली तापाची साथ याच जिवाणूची होती. आरोग्य खातेसुद्धा सुटले नाही!

नेमक्या याच काळात दुसरे एक संकट आले. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखले आणि तेलाचे भाव कडाडले. जगभर काटकसरीची हाक उठली. इमारतीत बाहेरची गरम हवा घ्यायची आणि ती थंड करायची म्हणजे वीज जळते. मग बाहेरची हवा कमी घेऊ या! अमेरिकेतल्या शीतन-अभियंत्यांच्या संस्थेने १९८१ साली कचेरीसारख्या जागेत दर माणशी मिनिटाला ५ घनफूट बाहेरची हवा पुरे, असा दंडक घातला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच आकडा ३० मानला जाई. परिणाम लवकरच दिसला. डोके दुखते, डोळे चुरचुरतात, घसा कोरडा पडतो, सुस्ती येते आणि इमारतीबाहेर पडले की बरे वाटते, अशा तक्रारी ठिकठिकाणी होऊ लागल्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकात त्यांची दखल घेतली आणि 'आजारी इमारत' असा शब्द रूढ झाला. माणूस आजारी ऐकला होता; इमारत आजारी ही नवीच गोष्ट! १९८९ साली तो दंडक ५ वरून पुन्हा १५ वर न्यावा लागला.

इथे या सगळ्या हकीकतीचे मर्म आहे. काटकसर चांगली, पण ती कोणत्या खिशातून करायची? गरम पाण्याची टाकी ६० अंशांऐवजी ४० वर ठेवली तर वीज वाचेल. पण ४० अंशांचे पाणी म्हणजे लीजिओनेलाला आवतणच. बाहेरची हवा बंद केली तर वीज वाचेल. पण उतारू शिळी हवा घेईल. उलट, काचा उघड्या ठेवून यंत्र चालवले तर हवा मिळेल, पण वीज वाया जाईल. आरोग्य आणि वीज यांची अशी दोन्हीकडून ओढाताण आहे. आणि यंत्राचे बाहेरचे तोंड कुठे असते, आठवते ना? गल्लीत. आतल्या उताऱ्याची उष्णता बाहेरच्या फेरीवाल्याच्या, पहारेकऱ्याच्या, शेजारच्या चाळीतल्या खिडकीच्या अंगावर टाकली जाते. सुख भिंतीच्या आत आणि भार भिंतीच्या बाहेर. पंख्याची दोरी अजून तुटलेली नाही, ती अशी.

ती दोरी आभाळापर्यंतही गेली. जो फ्रिऑन माणसाला निरुपद्रवी ठरला, तो वर जाऊन ओझोनचे कवच खातो, असे १९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवले. १९८७ साली माँट्रिअलला करार होऊन तो वायू हद्दपार करायचे ठरले. त्याच्या जागी आलेले वायू ओझोनला सोडतात, पण पृथ्वीची उष्णता वाढवतात. म्हणून तेही कमी करण्याचा करार २०१६ साली किगालीला झाला आणि भारताने त्याला २०२१ साली मान्यता दिली.

मग मार्ग कोणता? सुदैवाने मार्ग आहे आणि त्यातला बराचसा आपल्याच घरचा आहे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेतल्या शर्मा आणि अली या संशोधकांनी १९८६ साली भारतीय माणसाला किती उष्मा सुखाचा वाटतो, याचा निर्देशांक प्रसिद्ध केला. पुढे २०१४ साली अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या अभ्यासातूनही तेच दिसले, की सुखाचा एकच आकडा साऱ्या जगाला लागू नाही. उन्हाळ्याला सरावलेला आपला माणूस पाश्चात्त्य कोष्टकांपेक्षा जास्त उष्म्यातही सुखी असू शकतो, मात्र हवा हलती हवी. ऊर्जा संरक्षणाचा कायदा २००१ साली झाला, इमारतींसाठी ऊर्जेची संहिता २००७ साली आली आणि २०२० पासून भारतात विकला जाणारा खोलीचा एसी सुरू होताना २४ अंशांवर यावा असा नियम झाला.

हॉटेलवाल्यांतही जाणते लोक निघाले. विलेपार्ल्याच्या विमानतळाजवळ विठ्ठल कामत यांनी उभे केलेले ऑर्किड हॉटेल १९९० च्या दशकात पर्यावरणस्नेही पंचतारांकित हॉटेल म्हणून प्रमाणपत्र मिळवून गाजले. तिथे उताऱ्याच्या उशाशी एक हिरवे बटण ठेवलेले असे. ते दाबले की खोलीतला थंडावा थोडा कमी होऊन वीज वाचे. गिऱ्हाइकाला उपदेश न करता निवड त्याच्या हाती देण्याची ही रीत मोठी शहाणपणाची होती.

आणि २०२० साली कोरोनाची महामारी आली. पेटेनकोफर पुन्हा आठवले. ग्वांगझू शहरातल्या एका बिनखिडकीच्या उपाहारगृहात शेजारशेजारच्या तीन मेजांवरच्या कुटुंबांत रोग पसरला, तेव्हा संशोधकांनी बोट ठेवले ते तीच ती हवा फिरवणाऱ्या एसीच्या झोतावर. साऱ्या जगाने पुन्हा एकदा खिडकीकडे पाहिले.

आता तुमच्याआमच्यासारख्यांनी काय करावे? आपण काही नेहमी ताजला उतरत नाही. आपण उतरतो स्टेशनसमोरच्या लॉजवर, जिथे एका हॉलच्या फळ्या मारून चार खोल्या केलेल्या असतात आणि खिडकी उघडते ती अंधाऱ्या बोळात. अशा ठिकाणी भिंतीवरचा स्प्लिट एसी हवा थंड करतो, ताजी करत नाही. खोलीतलीच हवा तो फिरवून फिरवून पुन्हा देतो, हे पुष्कळांना माहीत नसते. तेव्हा खोलीत शिरल्याबरोबर पाच-दहा मिनिटे खिडकी सताड उघडा. न्हाणीघरातला हवा ओढणारा पंखा चालतो का, ते पाहा. खोली पुष्कळ दिवस बंद असेल तर अंघोळीआधी फवारा आणि नळ थोडा वेळ वाहू द्या आणि तेवढा वेळ जरा लांब उभे राहा. एसी १८ वर लावून दोन पांघरुणे घेण्यापेक्षा २५-२६ वर लावा आणि छताचा पंखा हळू चालू ठेवा. साधा पंखा सुमारे ७० वॉट घेतो, नव्या पद्धतीचा ३० च्या आसपास. दीड टनाचा एसी भर जोरात चालला तर दीड हजारांच्या घरात. एका एसीच्या विजेत वीस पंखे फिरतात, हा हिशेब लहान मुलालाही समजेल.

आणि खोली घेताना गादी, नळ, भाडे यांच्याबरोबर एक प्रश्न आणखी विचारा, "खिडकी उघडते ना?" शंभर उतारूंनी हा प्रश्न विचारला तर लॉजवाला बोळातल्या खिडकीची बिजागरी दुरुस्त करील, हजारांनी विचारला तर नवी इमारत बांधणारा आराखड्यातच खिडकी काढील. गिऱ्हाईक जे मागते तेच बाजारात येते. आजवर आपण थंडावा मागितला आणि तो मिळाला. आता जरा हवाही मागू या.